राखाडी डोक्याची मादी

"घातलंस का दोघांना एका पिंजऱ्यात?" अण्णाने फोनवर विचारलं. मी म्हटलं, "हो, घातलं की. छान रमलेत."

साफ खोटं. होसकोट्याहून आलेला नर बाल्कनीच्या एका टोकाला एकटाच बसून राळे टिपत होता. दुसऱ्या टोकाला मादी पेटीत अंड्यांवर बसली होती, आणि ती अंडी त्या नराची नव्हती. ज्याची होती त्याला तिच्या पिंजऱ्यात मीच सोडलं होतं, ह्या हातांनी. तसं करू नकोस म्हणून अण्णाने मला दोनदोनदा बजावलं होतं, त्यानंतर सोडलं. चुकून नाही. चुकून झालं असतं तर मी फोनवरच रडून मोकळी झाले असते.

मी मथुरा. बेंगळूरात सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत राहते, आमचे हे गेल्यापासून एकटीच. सगळी हयात टेलिफोन खात्यात गेली. तोंडाने मी फटकळ आहे, हे मला कुणी सांगायला नको. व्यंकोजी माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. हलसूरच्या जुन्या घरात तोही एकटाच. वहिनी गेल्या, मूलबाळ झालं नाही. सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तासत नोकरी केली, आणि उरलेला सगळा जीव गच्चीवरच्या पाखरांत घातला.

पाखरं म्हणजे लव्हबर्ड नव्हेत, हं. लव्हबर्ड म्हटलं की अण्णाचं नाक मुरडलंच. त्याची पाखरं आफ्रिकेतली. चिमणीहून लहान, पोट पिवळं, पाठ हिरवट, कपाळावर पिवळा पट्टा, आणि गाणं असं की खालच्या रस्त्यावरचा ऑटोवाला मान वर करून बघेल. दाणे खाऊन राहणारी जात. पाखरांच्या बाजारात त्यांना ग्रीन सिंगर म्हणतात. अण्णा म्हणत नाही. तो लॅटिन नाव घेतो, तेही पूर्ण, तीन शब्दांचं. पहिला गोताचा, दुसरा जातीचा, आणि तिसरा पोटजातीचा.

"तिसरा शब्द महत्त्वाचा, मथू," तो म्हणायचा. "पहिल्या दोनांत काय आहे? पहिला तर बदलतोसुद्धा. पूर्वी ह्यांना पाळीव कॅनरीच्या गोतात बसवत होते. मग डीएनए तपासला आणि शास्त्रज्ञांनी उचलून दुसऱ्या गोतात नेऊन ठेवलं. तिसरा शब्द सांगतो की पाखरू कुठल्या मातीतलं."

सेनेगलपासून पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत हे एकच पाखरू पसरलंय, पण मुलखामुलखाप्रमाणे फरक. कुठे पोटाचा पिवळा गडद, कुठे पाठ जास्त हिरवी, कुठे चण लहान. पोटजाती दहा म्हणायच्या का अकरा, ह्यावर पुस्तकवाल्यांचंच एकमत नाही. अण्णाकडे दोन होत्या. एक पश्चिम आफ्रिकेतली, तिचं डोकं स्वच्छ राखाडी. दुसरी दक्षिणेकडची, डोकं हिरवट. मादी कुठलीही असो, तिच्या गळ्याशी काळ्या ठिपक्यांची माळ असते, मंगळसूत्र घातल्यासारखी. मला आधी दोन्ही सारखीच दिसायची. अण्णा चिडायचा. "डोळे आहेत का बटणं? डोकं बघ, डोकं!"

आणि मग तो त्याचा ठरलेला विनोद करायचा. "आपलंही तसंच की. मराठा एकच, पण तंजावरचा वेगळा, कोलारचा वेगळा, बेंगळूरचा वेगळा. पुण्याचा तर गातोच वेगळा."

आमचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलं असं आमच्यात सांगतात. तेव्हापासून आम्ही इथलेच. दुकानात कन्नड, देवघरात मराठी, आणि सोयरिकीच्या वेळी शहाण्णव कुळांची उजळणी. माझ्या लेकीने, स्मृतीने, लग्न केलं ते पुण्याच्या अमितशी. तिच्याच ऑफिसातला मुलगा. कुळी विचारली असती तर त्याने आधार कार्ड काढून दाखवलं असतं, एवढा भोळा. अण्णा लग्नाला आला नाही. आला नाही ते आला नाही, वर सगळ्या भावकीत म्हणाला, "इतकी वर्षं जपलेलं रक्त, मथुरेने पातळ केलं." ते वाक्य मला तीन घरांतून येऊन पोचलं. तिन्ही ठिकाणी मी हसून घेतलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

तरी बोलणं चालू ठेवलं मी. भाऊ एकच. दर महिन्याला हलसूरला जायचं, त्याला तंबिट्टाचे लाडू करून न्यायचे, पाखरांचं पुराण ऐकायचं, आणि स्मृतीचं नाव काढायचं नाही. तिची वेदिका चार वर्षांची झाली, पण हलसूरच्या घराचा उंबरा तिने पाहिला नाही.

ह्या वर्षी संक्रांतीनंतर अण्णा गच्चीच्या जिन्यावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले महिना-दीड महिना रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, जिना चढायचा नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, बाई आहे, मी आहे." त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाला, "तुझ्याकडे ते येतात ना शनिवार-रविवार. अवघड होतं, मथू. मी त्या पुनर्वसन केंद्रातच राहतो. पाखरं तेवढी ने."

पाखरं तेवढी ने! म्हणजे माझं घर पाखरांना चालतं, त्याला चालत नाही. काय बोलणार? खाटेवर पडलेल्या माणसाला काय बोलायचं? मी कन्नडात "सरी, अण्णा", बरं, म्हटलं आणि पिंजरे टेंपोत घालून आणले. पण आत नुसता वणवा पेटला होता.

पाखरं नेण्याआधी त्याने मला धडा दिला. झोपल्या झोपल्या, बोट वर करून. राखाडी डोक्याच्या घराण्यातली आता एकच मादी उरली होती. वय झालेलं. त्याच घराण्यातला चांगला नर होसकोट्याच्या रणजीतकडे होता. हा रणजीत तिथल्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे, आमच्यातलाच, आणि पाखरांच्या बाबतीत अण्णाचा चेला. बर्ड फ्लूनंतर बाहेरून पाखरं येणं बंद झालंय. तेव्हा ही मादी आणि रणजीतचा नर मिळून जी पिल्लं होतील, त्यांतली दोन रणजीतकडे जाणार, बाकीची अण्णाकडे. रणजीतकडच्या माद्या त्याच त्या रक्ताच्या होऊन कमजोर झाल्या होत्या, त्यामुळे त्याचीही भिस्त ह्याच पिल्लांवर.

"तिच्यात एकच वीण उरलीय, मथू," अण्णा म्हणाला. "ह्यानंतर अंडी घातली तर जाईल ती. रणजीत नर घेऊन येईल, तोच सोड तिच्याजवळ. आणि ऐक, हिरव्या डोक्याचा नर तिच्या आसपाससुद्धा नको. एकदा मिसळलं की संपलं. मग ते पाखरू ना इथलं ना तिथलं."

ना इथलं ना तिथलं. मला काय दिसलं असेल ते तुम्हीच सांगा. मला माझी नात दिसली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी बाल्कनीत दाणे घालत होते. मादी पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून बसली होती. पलीकडच्या पिंजऱ्यात हिरव्या डोक्याचा नर गळा फुगवून गात होता, आणि ती मान तिरकी करून ऐकत होती. मी स्वतःला सांगितलं, बिचारी एकटी आहे. एकटं राहणं काय असतं मला ठाऊक आहे. अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण दुसरंच होतं. मी तोंडाने म्हणाले, मोठ्याने म्हणाले, "घे, अण्णा. होऊ दे पातळ!" आणि दार उघडून त्याला आत सोडलं.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! चहा केला, दोन बिस्किटं जास्त खाल्ली. संध्याकाळी मात्र पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. बाहेर काढावं का त्याला? उद्या काढू. दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांची पिसं साफ करत होती. मग परवा काढू. असं करत करत तिने काथ्या ओढून पेटीत घरटं केलं आणि पहिलं अंडं घातलं. तेव्हा मी नराला काढलं. चोर गेल्यावर दाराला कडी.

रणजीत यायला उशीर झाला, कारखान्यात त्याला सुट्टी मिळेना. आला तेव्हा मी त्याला बाल्कनीत जाऊच दिलं नाही. "बाई फरशी पुसतेय," म्हटलं. कॉफी दिली. त्याने नराचा पिंजरा टेबलावर ठेवला, वरचा पंचा काढला आणि म्हणाला, "अक्का, माझ्याकडचा हा सगळ्यात चांगला. दुसऱ्या कुणाला दिला नसता. अण्णाचं पाखरू म्हटलं की विचारायचं कारण नसतं. त्यांनी सांगितलं की ते शुद्ध, तर ते शुद्धच." मी म्हटलं, "आणखी कॉफी घे."

तो गेला आणि अर्ध्या तासात अण्णाचा तो फोन आला. घातलंस का, घातलं. मग एका खोट्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. पाचव्या दिवशी पुन्हा फोन. "अंडी घातली का?" "घातली." "इतक्यात?" "तुझा नर फार उतावळा आहे, अण्णा." फोनवर तो इतका हसला की तिकडच्या नर्सने येऊन विचारलं, काय झालं. मला ते ऐकू आलं, आणि तोंडाची चव गेली.

पिल्लं निघाली तीन. उघडी, गुलाबी, नुसत्या चोची वासलेल्या. मी उकडलेलं अंडं कुस्करून ठेवायचे, समुद्रफेस टांगायचे, ओलं फडकं घालून ऊन अडवायचे. कधी माझ्या स्वतःच्या लेकीचं एवढं केलं नसेल. अण्णाला रोज व्हिडिओ दाखवायचा. तो फोन इतका जवळ धरायचा की मला नुसती त्याची भुवई दिसायची. "व्वा! व्वा! मथू, तुझ्या हाताला यश आहे. मला वाटलं नव्हतं तुला जमेल." केंद्रातल्या म्हाताऱ्यांना, फिजिओच्या पोराला, जेवण आणणाऱ्या बाईला, सगळ्यांना तो ते व्हिडिओ दाखवी. मी डबा घेऊन गेले की लोक मला म्हणत, "नीवेना अक्का? तुम्हीच का त्या पक्ष्यांच्या ताई?" मी डबा ठेवून पळ काढायचे.

आणि गंमत बघा, कुणाला कळायची भीतीसुद्धा नव्हती. पिल्लं लहानपणी सगळी मळकट सारखीच. डोक्याचा रंग खुलतो तो पहिली पिसं झडल्यावर. तोवर ती होसकोट्याला गेलेली असणार, रणजीतच्या पाखरांत मिसळलेली असणार, आणि तिथलाही वंश बिघडलेला असणार. मी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. हेच मला झोपू देईना. पकडले जाणार असते तर निदान वाट तरी बघितली असती.

शेवटी स्मृतीला सांगितलं. शनिवारी आली होती ती. वेदिका आत चित्रं काढत होती. स्मृतीने बाल्कनीत पाहिलं आणि विचारलं, "आई, हा एकटा का कोपऱ्यात? ह्याचीच ना पिल्लं?" मी सगळं सांगितलं. खरं सांगू? मला वाटलं होतं ती हसेल. म्हणेल, बरी जिरवलीस मामाची.

ती हसली नाही. तिने आधी वेदिकाच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"म्हणजे अमित म्हणजे हिरव्या डोक्याचा नर," ती म्हणाली, "आणि वेदिका म्हणजे ती पिल्लं?"

"अगं, तसं नाही ग—"

"मग कसं? मामा म्हणाला आमच्यामुळे रक्त बिघडलं. मी त्याला मूर्ख म्हणून सोडून दिलं. पण त्याला दुखवायला तू काय शोधलंस? बिघडलेलं रक्त. म्हणजे तुलाही ते बिघडणंच वाटतं, आई. तुझ्याही मनात तेच आहे. वाटत नसतं तर तुला हे सुचलंच नसतं."

अय्यो देवा. मी टेलिफोन खात्यातल्या साहेबांना निरुत्तर केलेली बाई. लेकीसमोर उगाच दाण्याची वाटी पुसत बसले. तिचं खरं होतं का? मी रात्रंदिवस तेच घोळवत राहिले. वेदिका माझ्या मांडीवर येऊन बसली की मला तिच्या केसांना हात लावायची लाज वाटे. मी तिच्यासाठी भांडत होते असं समजत होते, आणि भांडता भांडता तिलाच त्या पिंजऱ्यात नेऊन ठेवलं होतं.

"मामाला सांग," स्मृती जाताना म्हणाली. "रणजीत पिल्लं न्यायच्या आत सांग. त्या माणसाने तुझं काय वाकडं केलंय?"

सांगते म्हटलं. सोमवारी डबा घेऊन गेले तेव्हा सांगणार होते. अण्णा वॉकर घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि वळून माझ्याकडे बघून लहान पोरासारखा हसला. नाही सांगितलं. मंगळवारी फिजिओ बसला होता. बुधवारी माझं डोकं दुखत होतं. माणसाला कारणं हवी असली की कारणांचा दुष्काळ पडत नाही.

पिल्लं पेटीबाहेर येऊन काडीवर बसायला लागली, आणि मादी खंगत गेली. पिसं फुलवून तळाशी बसायची. पिल्लांना भरवायचं तेवढं भरवायची, स्वतः खायची नाही. होसकोट्याचा नर आता जवळ आणून काय उपयोग होता? शुक्रवारी सकाळी पाहिलं तर पाण्याच्या वाटीशेजारी आडवी. हातात घेतली. काही वजनच नव्हतं. गळ्याशी ते ठिपके. मी बाल्कनीत खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. पाखराला वैर माहीत नव्हतं. ते माझं नि अण्णाचं होतं, आणि जीव तिचा गेला.

अण्णाला फोनवर सांगितलं ते एवढंच, की मादी गेली. कधी गेली, कशी गेली, त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "वय झालं होतं तिचं. पण पिल्लं आहेत ना? मग राहिला वंश. तू जीव लावलास म्हणून राहिला. मी उद्या येतो."

"कुठे?"

"तुझ्याकडे. डॉक्टर सोडतायत. आधी पिल्लं बघतो, मग हलसूर."

आला. फ्लॅट घेतल्यापासून पहिल्यांदा माझ्या घरात पाऊल टाकलं त्याने. वॉकर आधी, मग तो. मी खुर्ची पुढे केली, तर बसला नाही, तसाच बाल्कनीत. पिल्लं काडीवर ओळीने बसली होती. अण्णाने जाळीवर बोट ठेवलं, तर एकाने येऊन नखावर चोच मारली. त्याचे डोळे भरून आले. मी त्याला वहिनी गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

"बस, मथू," बाल्कनीतल्या माझ्या खुर्चीत टेकत तो म्हणाला. "मला एक बोलायचंय. तिथे पडल्या पडल्या विचार करत होतो. मी तुला पाखरं दिली, आणि स्वतः आलो नाही. कुणी दुसरी असती तर पिंजरे रस्त्यावर ठेवले असते. तू माझं घराणं वाचवलंस. आणि तुझ्या लेकीच्या लग्नात मी काय बोललो होतो, ते माहितेय मला. तुझ्या कानावर आलं असणार. चुकलो मी. रविवारी रणजीत येतोय इथे, दोन पिल्लं न्यायला. त्याच दिवशी स्मृतीलाही बोलव. जावयाला, पोरीला. मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. वयाने मोठा असलो म्हणून काय झालं."

पाच वर्षं मी हे वाक्य ऐकायला तडफडत होते. स्वयंपाक करताना, देवापुढे बसताना, मनातल्या मनात त्याच्याकडून वदवून घेत होते. आणि आता तो ते बोलत होता, माझ्या खुर्चीत बसून, एका खोट्याच्या बदल्यात. खोटं तसंच ठेवलं असतं तर सगळं मिळत होतं. भाऊ, लेक, नात, एका पंगतीला. नुसतं "बरं, अण्णा" म्हणायचं होतं.

"अण्णा, ती पिल्लं त्या नराची नाहीत," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. "कुठल्या नराची?"

"रणजीतच्या. तो यायच्या आधीच मी हिरव्या डोक्याचा तिच्याजवळ सोडला होता. चुकून नाही. तू 'पाखरं तेवढी ने' म्हणालास म्हणून. तू रक्त पातळ झालं म्हणालास म्हणून. मुद्दाम सोडला."

अण्णा पिंजऱ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात अण्णाचा राग म्हणजे गल्लीपर्यंत ऐकू जायचा. मी वाट बघत होते. मनात म्हणत होते, ओरड. वॉकर फेकून मार. मला काय हवं ते बोल, मी आज एक शब्द उलट बोलणार नाही. खाली झुकून त्याने एकेक पिल्लू नीट निरखलं, जशी तो सगळी पाखरं निरखायचा तशीच. मग खिशातून फोन काढला.

"रणजीत? हां, पोचलो. ऐक, रविवारी येऊ नको. पिल्लं आपल्या कामाची नाहीत." पलीकडून रणजीत काहीतरी घाईघाईने विचारत होता. अण्णाने डोळे मिटले. "नाही, नाही. मथुरेची काही चूक नाही. पडलो त्या गडबडीत मीच तिला चुकीचा पिंजरा दाखवला. हिरव्यालाच राखाडी म्हणालो. ... हो, मीच. डोळे गेले माझे, आणखी काय. तिला बिचारीला काय कळणार? मी सांगितलं ते तिने केलं. ... मादीही गेली, हो. तुझा नर सुखरूप आहे, घेऊन जा कधीही. सगळ्यांना सांगून टाक तूच, मला आता प्रत्येकाला फोन करायला जमणार नाही."

मी त्याचा हात धरला. "अण्णा, असं का सांगितलंस? मी सांगते त्याला खरं. दे फोन."

"राहू दे," तो म्हणाला. त्याने फोन खिशात ठेवला. "पाखरंवाल्यांत बातमी फिरते. ती तुझ्या नावाने कशाला फिरायला हवी? मुद्दाम केलं म्हटलं की लोक विचारणार, का केलं. मग मी काय सांगू त्यांना? मी काय बोललो होतो ते सांगू?"

मी रडायला लागले. त्याने मला गप्प केलं नाही, की जवळही घेतलं नाही. वॉकरचा आधार घेत उठला, दाण्याच्या डब्यातून मूठभर राळे घेतले आणि पिल्लांच्या वाटीत घातले.

"रविवारी त्यांना आण मात्र," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "मघाशी चुकलो म्हणालो ते पिल्लांसाठी म्हणालो नव्हतो. हलसूरलाच आण. मी बाईला सांगून स्वयंपाक करवून घेतो. जावयाला काय आवडतं?"

मला अमितला काय आवडतं ते चांगलं माहीत होतं. पण माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतलेल्या भावाला मला ते सांगता येईना.